कंबर म्हणजे नक्की कुठे?

आयुष्यभर मी लोकांच्या बुडाखाली काम केलं आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. फरीदाबादेत माझं मोटारसायकलच्या सीटचं दुकान होतं. गाडीबरोबर आलेली सीट काढायची आणि लांबच्या प्रवासाला टिकेल, सोसेल अशी दुसरी बनवून बसवायची, हा धंदा. संपादकांना एकच विनंती आहे. मी जिथे जिथे ‘बूड’ लिहिलंय तिथे कृपा करून ‘आसन’ किंवा ‘पार्श्वभाग’ करू नये. असल्याच एका सभ्य शब्दाने एकदा माझा घात केला आणि एका बाईंचा आयुष्यातला मोठा प्रवास जवळजवळ बुडवला. तीच हकीकत सांगायची आहे. पण आधी धंद्याबद्दल चार शब्द सांगतो, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली ते कळेल.

मी मूळचा कराडचा. फोमच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून फरीदाबादला आलो. आडनाव मुजावर. ते ऐकून दिल्लीकर माझ्याशी थेट उर्दूत सुरू होत आणि मी तोंड उघडलं की गोंधळून विचारत, “आप साउथ के हैं क्या?” आमच्या घरात कराडचं मराठी बोलतात हे तिथे कुणाला पटत नसे. माझी उर्दू रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरती होती, ती तेवढीच राहिली. मुलगी तिथेच वाढली. ती म्हणायची, “बाबा, आपण फरीदाबादला बसलो ते बरं झालं.” हिंदीतल्या ‘बस गये’चं तिने केलेलं हे मराठी. मी म्हणायचो, अगं, घसा बसतो, फोम बसतो, माणूस स्थायिक होतो. ती म्हणायची, “हां, वही.”

कारखान्यात मी गाद्यांचा आणि सोफ्यांचा फोम तपासायचो. नव्वदीनंतर बाजार उघडला, नव्या नव्या गाड्या आल्या आणि दिल्लीच्या चारी बाजूंनी शेतांत इमारती उगवू लागल्या. घर एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. माणसं रोज चाळीस-चाळीस किलोमीटर गाडी हाकू लागली आणि सुटी मिळाली की पहाडाकडे पळू लागली. तेव्हा त्यांना शोध लागला की आपल्याला बूड आहे. मी नोकरी सोडून दुकान टाकलं. जोडीला हरबंसलाल नावाचे कारागीर. वयाने माझ्याहून मोठे, हात असा की शिवण शोधावी लागे. त्यांना मी उस्तादजी म्हणायचो. ते मला ‘मुजावर साब’ म्हणत आणि माझं काहीही ऐकत नसत.

आता सीटचं शास्त्र. माणूस बुडावर बसतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो दोन हाडांवर बसतो. कडक बाकावर बसून दोन्ही हात खाली घातलेत तर ती सापडतील. सीटचं सगळं कसब म्हणजे वजन त्या दोन हाडांवर ठेवायचं आणि बाकी कुठे जाऊ द्यायचं नाही. मऊ सीटवर काय होतं? पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मग हाडं फोममध्ये रुततात, फोम आजूबाजूने वर येतो आणि नको तिथे दाबायला लागतो. शंभर किलोमीटरनंतर माणूस गाडीवर उभा राहून चालवतो. म्हणून गिऱ्हाईक आलं आणि त्याने अंगठ्याने सीट दाबून पाहिली की मी मनात म्हणायचो, हा फसणार. अंगठ्याला काय कळतंय? अंगठ्यावर कोण बसतं?

माझी पद्धत वेगळी होती. स्टुलावर खोक्याचा जाड, पन्हाळीदार पुठ्ठा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं. उठल्यावर पुठ्ठ्यावर बोट फिरवलं की दोन खळगे लागतात. त्यांच्यातलं अंतर म्हणजे त्या माणसाचं माप. कपड्याला जसं छातीचं, तसं सीटला हे. मग फोम कापायचा, वर नुसतंच कापड ताणायचं, गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची आणि माणसाला त्यावर अर्धा तास बसवायचं. चहा द्यायचा, वर्तमानपत्र द्यायचं, पण उतरू द्यायचं नाही. पंचविसाव्या मिनिटाला माणूस जिथे चुळबुळतो तिथे उस्तादजी खडूने खूण करत. ही अट ऐकून कित्येक जण निघून जात. गुडगावच्या एका कंपनीतले मॅनेजर म्हणाले होते, “भाईसाब, मेरे पास आधा घंटा नहीं है.” मी विचारलं, मनालीला जायला किती तास लागतात? ते बसले. नंतर त्यांच्या ऑफिसातले सात जण येऊन बसून गेले.

एकदा लातूरकडचा एक मुलगा प्लॅस्टिकची खुर्ची खांद्यावर घेऊन बसने आला. दिल्लीत मोठ्या परीक्षेची तयारी करत होता. मी विचारलं, गाडी कुठाय? म्हणाला, “गाडी नाही काका, या खुर्चीलाच सीट करून द्या. चौदा तास बसतो.” त्याचाही पुठ्ठा घेतला, त्यालाही अर्धा तास बसवलं. पुढे तो परीक्षा काही पास झाला नाही, बँकेत लागला. पण त्याने आवर्जून पत्र लिहिलं की मी बसलो, फोम बसला नाही. ते पत्र मी दुकानात काचेखाली ठेवलं होतं.

एकूण मला माझ्या हाताची घमेंड होती म्हणा ना. आणि ती अगदीच खोटी नव्हती. ती उतरवली वसुधाताई सबनीसांनी.

सबनीस मला भेटले ते दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात. तिथे जेवायला गेलं की चार मराठी माणसं भेटत आणि आमटीत गूळ मिळे. सबनीस केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी होते, दीड महिन्यात निवृत्त होणार होते. सरकारी क्वार्टर सोडून साताऱ्याला, स्वतःच्या घरी राहायला जायचं ठरलं होतं. मुलाने दिल्लीतल्याच द्वारकेत सोसायटीत फ्लॅट घेतला होता. तिथे तेव्हा अजून नुसते सांगाडे आणि धूळ होती. मुलगा राहा म्हणत होता, पण यांना परत जायचं होतं. आणि जायचं होतं मोटारसायकलवरून. साडेतीनशे सीसीची जड गाडी, मागे बायको, दीड हजार किलोमीटर.

“सामान ट्रकने जाईल,” सबनीस म्हणाले, “आम्ही दोघं गाडीने. अट एकच आहे. हिची कंबर टिकली पाहिजे. दोन वर्षं झाली, कंबर धरलीय. नाही टिकली तर ही ट्रेनने जाईल आणि मी गाडी इथेच विकून टाकेन. एकटा जाऊन काय करू?”

पुढच्या रविवारी दोघं दुकानात आली. वसुधाताई चोपन्न-पंचावन्नच्या असतील. ताठ, नीटनेटक्या, पंजाबी ड्रेसमध्ये. दिल्लीत आल्यावर नवऱ्याच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून बसायला त्या शिकल्या होत्या आणि मुंबई-पुण्याच्या नणदांनी नावं ठेवली तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, “नको, मी उभीच बरी.” मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी म्हटलं, “ताई, ट्रेन आरामाची पडेल हो.”

“मुजावरभाऊ,” त्या म्हणाल्या, “लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा दोन दिवस ट्रेनमध्ये रडत होते. खिडकीबाहेर काय होतं ते एकदाही बघितलं नाही. आता जाताना सगळं बघत जायचंय. यांच्या मागे बसून.”

असं सांगितल्यावर मी इरेला पेटलो. सबनीसांचा पुठ्ठा घेतला, त्यांना अर्धा तास बसवलं, खडूच्या खुणा झाल्या. ताईंचं काय? मराठी घरातल्या प्रौढ बाईला पुठ्ठ्यावर बसा कसं सांगायचं? मी सबनीसांनाच विचारलं, “ताईंना नेमकं कुठे दुखतं?” ते म्हणाले, “कंबर.” मी ताईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, “हो, कंबरच.” झालं माझं माप घेऊन!

कंबर म्हटल्यावर मी कंबरेचा इलाज केला. मागच्या सीटला पाठ टेकायला गुबगुबीत टेकू लावला, कंबरेच्या खोलगट भागात बरोबर बसेल असा. बसायच्या जागी, बाई माणूस आहे म्हणून, आमच्याकडचा सगळ्यात मऊ फोम घातला. जो मऊपणा मी पुरुषांना उठता बसता नाकारत होतो, तो ताईंना न विचारता दिला. उस्तादजी शिवताना म्हणाले, “मुजावर साब, इतना नरम?” मी म्हटलं, लेडीज के लिए है. त्यांनी मान हलवून मशीन सुरू केलं. सीट दिसायला अशी देखणी झाली की जाणारे-येणारे थांबून बघत.

दोघं ती घेऊन मथुरेला एक फेरी मारून आली. दुसऱ्या दिवशी सबनीसांचा फोन आला. आवाज पडलेला. “जाताना कोसीपर्यंत ठीक होती. येताना चार वेळा उतरावं लागलं. शेवटी पलवलहून तिला बसमध्ये बसवलं, तर बसमध्येही उभीच राहिली. मुजावर, तुमची काही चूक नाही. सीट सुंदर आहे. मी ट्रेनचं तिकीट काढतोय. गाडीला कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा.”

‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य मला शिवीपेक्षा लागलं. मी म्हटलं, चार दिवस थांबा, सीट बघायला मी घरी येतो.

त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो तेव्हा बांधाबांध चालली होती. ताईंनी जेवायला थांबवून घेतलं. आम्ही दोघं टेबलाशी जेवलो आणि ताई समोर, स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर पाट टाकून बसल्या होत्या. स्टो पुढ्यात घेऊन एकेक पोळी फुगवून आमच्या ताटात टाकत होत्या. आमचं जेवण झालं, ताक झालं, सुपारी झाली. नंतर त्या तशाच बसून वर्तमानपत्रात काचेची भांडी गुंडाळू लागल्या. तास होऊन गेला होता. मी बघतच राहिलो. पंचविसाव्या मिनिटाला चुळबुळणारी माणसं बघण्यात माझी उमर गेली होती आणि ही बाई लाकडावर तासभर हललीसुद्धा नाही.

“ताई,” मी म्हटलं, “पाटावर दुखत नाही?”

“पाटावर कशाला दुखेल? पाटावर मी सत्यनारायण उरकते. तो सोफा मात्र माझा वैरी आहे. दहा मिनिटं बसवत नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंबर दुखणारा माणूस टेकू शोधतो. ताई टेकूपासून पळत होत्या. मऊ सोफ्यात बूड खाली जातं, माणूस मागे रेलतो आणि वजन दोन हाडांवरून मागे सरकतं. कशावर? मी पानाच्या डब्याकडे बघत विचारलं, “ताई, दोन वर्षांपूर्वी कुठे पडला होतात का?”

सबनीस म्हणाले, “हो, बसमधून उतरताना पायरी चुकली होती. तेव्हापासूनच तर कंबर...”

ताई उठल्या आणि आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलं गेलं. मी दाराकडे तोंड करून म्हटलं, “ताई, माफ करा, पण विचारतो. माकडहाड का?”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, “हो.”

सबनीस आ वासून बघत होते. “अगं, मग डॉक्टरांना...”

“डॉक्टरांनाही कंबरच सांगितलं,” दारामागून आवाज आला. “एवढे परके पुरुष. कसं सांगणार?”

म्हणजे दोन वर्षं डॉक्टर भल्या कंबरेला औषध लावत होते, पट्टा बांधत होते. नवरा कंबर शेकत होता. मी कंबरेला टेकू दिला होता. बिचाऱ्या कंबरेला काहीच झालं नव्हतं. आपल्याकडे सभ्य घरात पाठीच्या खाली जे काही आहे ते सगळं कंबर. हसू येत होतं, पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला. दुकानात मी एका माणसाचं माप घेतलं आणि दुसऱ्याचं त्याच्या नवऱ्याला विचारलं. त्याआधी कित्येक नवरे बायकांना घेऊन आले होते. त्यांच्यातल्या एकीचाही पुठ्ठा मी घेतला नव्हता. त्यांतल्या किती जणींनी सीट छान आहे म्हणत दातओठ आवळून प्रवास केला असेल, देव जाणे. ही खंत मला अजून आहे.

निघताना ताईंना मी दाराबाहेरूनच सांगितलं की रविवारी या, आणि या वेळी तुमचं माप घेणार.

दुकानात येऊन उस्तादजींना सांगायला गेलो तर अडलो. माकडहाडाला हिंदीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मुलीला विचारलं, तर तिला मराठी शब्दच माहीत नव्हता. ती हसत सुटली. “मंकी बोन? बाबा, सच में?” शेवटी मी उस्तादजींना म्हटलं, “बंदर की हड्डी टूटी थी.” त्यांनी सुई खाली ठेवली. “किसके बंदर की?” मग मी हात मागे नेऊन जागा दाखवली. तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, “ओए, दुमची! नाम मुजावर और दुमची नहीं मालूम! उसको तो हवा में रखना पड़ेगा जी.”

हवेत ठेवायचं. शास्त्र एका वाक्यात संपलं. आम्ही देखणी सीट उसवली, टेकू काढून टाकला. बसायच्या जागी सगळ्यात कडक फोम घेतला आणि मागच्या बाजूला मधोमध खाच कापली, म्हणजे वजन दोन हाडांवर राहील आणि माकडहाड कशालाच शिवणार नाही. रविवारी ताई आल्या. मी स्टूल आणि पुठ्ठा आत ठेवला, सबनीसांना, उस्तादजींना घेऊन बाहेर आलो आणि शटर अर्धं खाली ओढलं. दोन मिनिटांनी शटरखालून पुठ्ठा बाहेर आला. बोट फिरवून पाहिलं, तर अंतर माझ्या अंदाजापेक्षा चांगलं दोन बोटं जास्त. बायकांची हाडं रुंद असतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्या मापाने सीट आणखी रुंद केली.

मग अर्धा तास. ताई गाडीवर बसल्या आणि पहिल्या मिनिटाला म्हणाल्या, “अहो, हे तर लाकूड आहे.”

मी म्हटलं, “पाट आहे, ताई. चाकांवरचा.”

त्या हसल्या. चहा प्यायल्या. वर्तमानपत्र वाचलं, दुकानातल्या जळमटांवरून मला बोलल्या, उस्तादजींना चष्मा बदलायला सांगितलं. पंचविसावं मिनिट आलं. उस्तादजी खडू घेऊन उभे होते, सबनीस श्वास रोखून. ताईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. उस्तादजींनी खडू खिशात टाकला. सबनीसांनी दुसरीकडे तोंड करून रुमालाने नाक पुसलं. सर्दी झाली म्हणाले.

महिनाअखेरीस ते निवृत्त झाले आणि चार दिवसांनी दोघं निघाली. वाटेत माझ्या दुकानावरून जायचं काही कारण नव्हतं, त्यांचा रस्ता जयपूरचा. तरी उलटा वळसा घालून आली. ताईंनी मला पेढा दिला, उस्तादजींना दिला आणि एक सीटला लावला. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांची पाठ ताठ दिसत होती.

पुढचे दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. दुकानाचा फोन वाजला की वाटायचं, उदयपूरहून असेल, ताईंनी ट्रेन धरली म्हणून असेल. चौथा दिवस गेला, सहावा गेला. उस्तादजी रोज सकाळी विचारत, “दुमची का कुछ पता चला?” नवव्या दिवशी दुपारी फोन आला. साताऱ्याच्या एसटीडी बूथवरून. मागे केवढा तरी गलका चालला होता, रांगेतली माणसं लवकर आटपा म्हणून ओरडत होती. सबनीस नुसतेच “पोचलो, पोचलो” म्हणत होते. मग फोन ताईंनी घेतला.

मी सवयीने विचारलं, “ताई, कंबर कशी आहे?”

“कंबरेला काय धाड भरलीय!” ताई त्या गलक्यावर आवाज चढवून ओरडल्या. “मुजावरभाऊ, माकडहाड! माझं माकडहाड ठणठणीत आहे! सगळं बघत आले!”

बूथमधला गलका एकदम थांबला. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि ताईही हसत सुटल्या. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून दुकानभर ऐकू येत होता. उस्तादजींनी मशीन थांबवलं.

“क्या बोलीं?”

“दुमची ठीक है, उस्तादजी.”

“इतनी ज़ोर से?”

“हां,” मी म्हटलं. “इतनी ज़ोर से.”